अंगाऱ्याची पुडी

खामगावहून डिंकाचे एक्कावन्न लाडू निघाले होते, शिकागोला पोचले नऊ. ताई अजून हा हिशेब काढते. पहिलं बाळंतपण, परका देश, आणि आई येताना लाडू आणणार या एका आशेवर तिने दोन महिने काढले होते. आईने स्टीलचा डबा उघडला तेव्हा तळाशी नऊ लाडू आणि मूठभर भुगा.

"बाकीचे कुठे गेले?"

"लोकाईनं खाल्ले."

"कोणत्या लोकांनी?"

"आता कोनाकोनाचं सांगू तुले? महाराजाईनं खाल्ले म्हन."

महाराज म्हणजे शेगावचे गजानन महाराज. खामगावात हे वेगळं सांगावं लागत नाही. शेगाव आमच्यापासून जेमतेम सतरा-अठरा किलोमीटर. आईच्या लेखी महाराज म्हणजे गल्लीच्या टोकाला राहणारं घरचंच वडीलधारं माणूस. दूध उतू जाता जाता राहिलं, महाराज. एस.टी. चुकली आणि मागून कुणाची तरी जीप मिळाली, महाराज. बाबा जिनिंगमध्ये मुनीम होते. एकदा ऐन हंगामात कापसाच्या गंजीला आग लागली, तेव्हा बाबा नेमके कुणाच्या तरी आग्रहाने चहाला बाहेर गेले होते. तेही महाराजच. चहाला नेणारा कोण होता, त्याचं नाव आमच्या घरात कधी निघालं नाही. मला ते लहानपणापासून खटकायचं. उदबत्ती शेगावला लागायची, आणि चहाचे पैसे मात्र त्या बिचाऱ्याने दिलेले.

ही गोष्ट २०१० सालच्या एप्रिलची. ताईला मे महिन्यातली तारीख दिली होती. आई बासष्ट वर्षांची, सातवी पास, मुंबईच्या पलीकडे कधी गेलेली नाही. मुंबई ते फ्रँकफर्ट, तिथे विमान बदलून शिकागो. तिकीट मी काढलं, स्वस्त पाहून काढलं. पुढचे पाच दिवस मला ही एकच गोष्ट आठवत होती, म्हणून इथे लिहून टाकतो.

आईची अट एकच होती, निघायचं ते गुरुवारी. विमान सुटणार होतं रात्री एकनंतर, तिकिटावर १६ एप्रिल. मी म्हटलं, "आई, हा शुक्रवार होतो."

"तुमच्या घड्याळात होत असन. आपला दिवस सूर्य उगवल्यावर बदलते. तोवर गुरवारच."

पंचांगाच्या हिशेबाने तिचंच बरोबर होतं, त्यामुळे मी गप्प बसलो.

आईसाठी मी व्हीलचेअर सांगून ठेवली होती. आपल्याकडे परदेशी निघालेल्या कित्येक आया चांगल्या धडधाकट असून विमानतळावर चाकाच्या खुर्चीत बसलेल्या दिसतात. अडचण पायांची नसते, भाषेची असते. खुर्ची ढकलणारा माणूस बरोबर त्या दारापाशी नेऊन सोडतो, एवढाच त्यातला मतलब. आईला तो अपमान वाटला. "मले काय धाड भरली? पंढरपूरले पायी जाऊन आलेली बाई हाव मी." पण ताईने फोनवर रडून दाखवलं, तेव्हा कबूल झाली.

तिच्या हातातल्या पिशवीत काय काय होतं ते मला पाठ आहे, कारण ती मीच तीनदा भरली आणि तिने तीनदा उपसली. गजानन विजयची पोथी, लाल फडक्यात बांधलेली. पोथीच्या पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला बॉलपेनने मोठ्या आकड्यांत ताईचा नंबर आणि माझा नंबर. धपाटे, जवसाची चटणी, खारोड्या. लाडवांचा डबा, तो मोठ्या सामानात टाकायला ती तयार नव्हती, सामान हरवलं तर? आणि पोथीच्या पानांत, पाचव्या अध्यायापाशी, कागदाची एक चपटी पुडी. शेगावच्या धुनीतला अंगारा.

१४ एप्रिलला बुधवारी संध्याकाळी आम्ही घर सोडलं. त्या दिवशी आंबेडकर जयंती. शेगावची गाडी गाठायची आणि आमची रिक्षा मिरवणुकीत अडकलेली. निळे झेंडे, गुलाल, ढोल, आणि दिवस मावळला तरी न उतरलेला उकाडा. मी घड्याळ बघत घामाघूम झालो. आईच्या मांडीवरची पिशवी आणि तिचा चेहरा बघून मिरवणुकीतल्या एका पोराने विचारलं, "मावशे, कुठी जाऊन राह्यली?" "अमेरिकेले," आईने खरं ते सांगितलं. त्या पोराने जी शिट्टी मारली ती मी विसरणार नाही. चौघे पोरं रिक्षाच्या पुढे झाली, "अमेरिका चालली, अमेरिका चालली, बाजू व्हा" असं ओरडत त्यांनी चौकापर्यंत वाट करून दिली. एकाने आईच्या हातात सरबताचा ग्लास कोंबला. अमरावती एक्स्प्रेस आम्हाला मिळाली. डब्यात बसल्यावर आईने महाराजांच्या मंदिराच्या दिशेने हात जोडले. मी खिडकीबाहेर बघत राहिलो.

त्याच बुधवारी तिकडे आइसलंडमध्ये बर्फाखालचा एक ज्वालामुखी फुटला होता. त्याचं नाव टीव्हीवरच्या बातमीदारांनाही धड उच्चारता येत नव्हतं. वरून उल्का येऊन आदळते म्हणजे काय, ते लोणारचं विवर असलेल्या आमच्या जिल्ह्याला सांगायला नको. पण जमिनीतून राख वर जाते आणि अर्ध्या खंडाची विमानं खाली बसवते, हे आमच्या आकलनापलीकडचं होतं. ती राख म्हणजे काचेसारखा बारीक चुरा. इंजिनाच्या उष्णतेने तो वितळतो, पात्यांवर जाऊन थिजतो आणि इंजिन बंद पडू शकतं. गुरुवारी दुपारी इंग्लंडचं आकाश बंद झालं. डोंबिवलीला मावसबहिणीच्या घरी ते टीव्हीवर पाहूनही मी आईला घेऊन सहारच्या विमानतळावर गेलो. काउंटरवर विचारलं, तर फ्रँकफर्टचं विमान वेळेवर आहे म्हणाले. आणि होतंही वेळेवर.

काचेपलीकडून मला तपासणीचा एक तुकडाच दिसला. बाकीचं आईने नंतर सांगितलं. वर्दीतल्या जवानाने पोथी उघडली, पुडी सापडली.

"माताजी, ये क्या है?"

"राख."

"किसकी?"

"हमारे महाराज की."

जवानाने पुडी उलगडली, वास घेतला, आईकडे पाहिलं. मग कागदाच्या घड्या जशा होत्या अगदी तशाच परत घातल्या आणि पुडी त्याच पानात ठेवली. "त्यानं घडी मोडली नाही," हे आई प्रत्येक वेळी सांगायची. जग कसं आहे याचा तिचा तो पुरावा होता.

विमान शुक्रवारी सकाळी फ्रँकफर्टला उतरलं. थोड्याच वेळात तो विमानतळ बंद झाला.

माझ्या पाच दिवसांबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. कंपनीच्या फोनवर एक वाद्यसंगीत वाजत राहायचं, ते आजही कुठे कानावर पडलं तर पोटात खड्डा पडतो. आईचा मोबाइल तिकडे चालत नव्हता. तिच्याकडे अमेरिकेचा व्हिसा होता, जर्मनीचा नव्हता, म्हणजे विमानतळाबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. टीव्हीवर दाखवत होते, लोक घडीच्या खाटांवर, जमिनीवर, पाठपिशव्यांवर डोकं ठेवून झोपलेत. आठवडाभरात सुमारे एक लाख उड्डाणं रद्द झाली. त्या गर्दीत नऊवारीतली एक बाई शोधत मी पडद्याला नाक लावून बसायचो.

शनिवारी ताईचा फोन आला. आई दिसली म्हणे. ऐकू आली नाही, दिसली.

झालं होतं असं. खुर्ची ढकलणाऱ्याने आईला एका दालनात भिंतीशी नेऊन उभं केलं, "वन मिनिट" म्हणाला आणि गेला. त्या गोंधळात त्याला कुठे कुठे पळवलं असेल, त्यालाच ठाऊक. आई सकाळी आठला बसली ती दुपारी दोनपर्यंत त्या खुर्चीतून उठली नाही. पाणी नाही, लघवीला नाही. मी चिडून विचारलं होतं, "अगं, तुला पाय होते ना?" तर म्हणाली, "खुर्ची त्याईची. मी उठून गेली अन् कोनं खुर्ची नेली तर? त्या गरिबाच्या पगारातून कापतीन."

फरशी पुसायचं यंत्र घेऊन एक बाई तिच्यासमोरून तीनदा गेली. डोक्याला रुमाल बांधलेली, वयाने आईच्याच आसपास. चौथ्यांदा यंत्र थांबवून ती आईपुढे उकिडवी बसली आणि तिने आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. दोघींच्या भाषांत एक अक्षर सामाईक नव्हतं. पण सकाळपासून अवघडून बसलेल्या बाईचा चेहरा दुसऱ्या बाईला वाचता येतो. तिने आईला उठवलं. आई खुर्ची सोडेना, तेव्हा तिने एका हाताने रिकामी खुर्ची ढकलली, दुसऱ्या हाताने आईला धरलं आणि बाथरूमपर्यंत नेलं. आई आत असताना ती बाहेर खुर्चीला हात लावून राखण करत उभी होती.

ती तुर्कस्तानची होती, हे नंतर समजलं. कामावर असली की ती रोज यायची. दुसऱ्या दिवशी तिने फॉइलमध्ये बांधून उकडलेली अंडी आणली. आईने दोन्ही हात जोडून मान हलवली. तेव्हा दुभाषी झाली ती शेजारच्या खाटेवरची पाकिस्तानी बाई. टोरांटोला मुलाकडे निघालेली, साखरेच्या आजाराची, गुडघे दुखणारी. तिची पंजाबी वळणाची उर्दू आणि आईची वऱ्हाडी हिंदी यांच्या मधोमध कुठेतरी दोघींचं जमलं होतं. "गोश्त नहीं, अंडा भी नहीं," असं तिने हाताच्या खुणांनी त्या तुर्की बाईला समजावलं. तिसऱ्या दिवशी फॉइलमध्ये उकडलेले बटाटे आले, आणि कागदाच्या पुडीत मीठ.

मोबदला म्हणून आईकडे होतं काय? लाडू. पहिला त्या तुर्की बाईला. मग पाकिस्तानी बाईला अर्धा, साखरेमुळे. मग समोरच्या खाटेवरच्या आफ्रिकी कुटुंबातल्या तीन पोरांना, रोज एक-एक. मग ज्याने संगणकावर ताई दाखवली त्या केसाळ पोट्ट्याला दोन. तो कोणत्या देशाचा होता ते आईला शेवटपर्यंत कळलं नाही. आईने पोथीचा पुठ्ठा उघडून त्याच्यापुढे धरला, त्याने ताईला फोन लावला, दोन मिनिटांत तिचा स्काइपचा पत्ता घेतला आणि लॅपटॉप आईच्या मांडीवर ठेवला. आवाजाचं काहीतरी बिघडलेलं होतं. ताई उभी राहिली, तिने आडवं वळून पोट दाखवलं. आईने पडद्यावरून बोटं फिरवून कानशिलावर मोडली. त्या पोराला वाटलं संगणकाला काही झालं, तो घाबरून पुढे वाकला. हे सांगताना आई इतकी हसायची की पुढचं राहून जायचं.

शनिवारपासून तिने त्या खाटेवर पारायण धरलं. एकवीस अध्याय, रोजचे सात, तीन दिवस. शेजारी नमाज, इकडे पोथी. पाकिस्तानी बाईने विचारलं, ही किताब कसली? "हमारे बाबा की." मग आईला वाटलं, एवढ्याने भागणार नाही, म्हणून तिने जिल्हाच समोर मांडला. सैलानी बाबांचा दर्गा, होळीला तिथे भरणारी यात्रा, ती पेटणारी नारळांची होळी, आणि तिथे जाणारे आमच्याच आळीतले लोक. "हमारे उधर सब लोग दोनों तरफ जाते," आईने तिला सांगितलं. ती म्हणाली, आमच्या गावाबाहेरही असे एक बाबा आहेत.

सोमवारी रात्री त्या बाईची साखर उतरली. अंग थंड पडलं, घाम सुटला, बोलणं लटपटू लागलं. आमच्या बाबांनाही साखर होती, त्यामुळे आईला हे पाहिल्याबरोबर कळलं. कॉफीच्या टपरीवर ठेवलेल्या साखरेच्या पुड्या तिने मूठभर उचलल्या, पाण्यात कालवल्या आणि घोट घोट करून तिला पाजल्या. मग लाडू कुस्करून भरवला. तोवर कुणीतरी डॉक्टर आणला होता. त्याने तपासून आईच्या पाठीवर थाप मारली. त्यानंतर आईने पुडीतला अंगारा काढला, आणि तिथे थबकली. लावावा की नाही? "तिच्या धर्मात चालते का नाई, मले काय माहीत. म्या माह्याच कपायाले लावला, तिच्यासाठी."

बुधवारी विमानं सुरू झाली. ती पाकिस्तानी बाई कुठे गेली, तो केसाळ पोरगा कुठे गेला, काही नाही. पत्ते नाहीत, नंबर नाहीत.

ऑक्टोबरात आई परतली. मी घ्यायला मुंबईला गेलो होतो. रात्रीच्या गाडीत बर्थवर मांडी घालून तिने हे सगळं पहिल्यांदा सलग सांगितलं, आणि शेवट ठरलेलाच: "पाह्य, महाराज कोन्या कोन्या रूपानं आले." माझ्यातला इतक्या वर्षांचा तो चहावाला तेव्हा उसळून आला. म्हटलं, "आई, ती बाई आठ तास फरश्या पुसून, स्वतःच्या घरून बटाटे उकडून आणत होती. तिची पाठ दुखत असेल, तिलाही पोरंबाळं असतील. आणि तू सगळं श्रेय शेगावला पाठवून मोकळी! तिचं काय?"

आई बराच वेळ बोलली नाही. नांदगाव की काय स्टेशन गेलं. मग म्हणाली, "नाव नाही ईचारलं म्या तिचं. मंग काय म्हनू? जे मोठ्ठं नाव तोंडात हाय, तेच देते."

"आणि त्या पाकिस्तानी बाईच्या हिशेबात तू कोण?"

"ते तिचा अल्ला जाने," आई म्हणाली, आणि चादर ओढून झोपली.

त्या रात्री मला ते पळवाटेसारखं वाटलं होतं. पुढे कधीतरी, तिचं ऐकून ऐकून पाठ झालेली पोथी मी स्वतः वाचायला घेतली. श्रद्धेने नव्हे, तिच्याशी भांडायला मुद्दे हवेत म्हणून. दासगणूंनी १९३९ साली रचलेल्या त्या ग्रंथात महाराज पहिल्यांदा दिसतात ते २३ फेब्रुवारी १८७८ या दिवशी. शेगावात देविदास पातुरकरांच्या घरी कार्य होतं, उष्ट्या पत्रावळी बाहेर टाकल्या होत्या, आणि एक अनोळखी माणूस त्यांतली शितं वेचून खात होता. बंकटलाल अगरवालांनी पाहिलं. पाणी आणेपर्यंत तो गुरांसाठी ठेवलेलं पाणी पिऊन मोकळा झाला. पाचव्या अध्यायात अकोलीच्या शिवारात ते भास्कर पाटलाकडे पाणी मागतात आणि भास्कर पाटील त्यांना हाकलतो. मग कोरडी विहीर भरते, वगैरे. आई चमत्कारापाशी थांबायची नाही. तिला त्याआधीचं दुखायचं. "पानी नाही म्हनला, पाह्य," ती दर वेळी तितक्याच हळहळीने म्हणायची, जणू काल झालं. अंगाऱ्याची पुडी नेमकी त्याच अध्यायात का असायची, ते मी तिला कधी विचारलं नाही.

म्हणजे देव आले ते कुणाच्या मदतीला धावून आलेले नव्हते. भुकेले आले, तहानलेले आले, कुणाच्याच ओळखीचे नसलेले आले. ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेल्या बाईला लाडू वाटताना प्रश्न पडला नसेल. कोण देणारा आणि कोण घेणारा, हा माझा घोळ होता. शेगावला सेवाधारी येणाऱ्या प्रत्येकाला माउली म्हणतात. पांढरे कपडे, पांढरी टोपी, आसपासच्या खेड्यांतून पाळीपाळीने आलेली माणसं, मोबदल्यावाचून. ते तुमचं नाव विचारत नाहीत, तुम्ही त्यांचं विचारत नाही, आणि तरी ताटात पिठलं-भाकरी पडते.

पंढरपूरहून परतणारी महाराजांची पालखी खामगावात मुक्काम करते आणि शेवटची चाल चालून शेगावला जाते. त्या दिवशी शेगावच्या रस्त्यावर माणसांचा पूर असतो. आमच्या दारासमोर आई टेबल मांडायची. दोन माठ, गुळाचे खडे, ओंजळीत पाणी ओतायला पितळी तांब्या. पेले तिला चालत नसत. "ओंजळीत पानी घेतलं तं मानूस वाकते, मंग तोंड दिसते."

२०२१ सालच्या एप्रिलमध्ये आई गेली.

करोनाची दुसरी लाट. खामगावात खाट मिळाली नाही, म्हणून अकोल्याला नेलं. नवव्या दिवशी तिला कृत्रिम श्वासावर घेतलं. त्याच्या आदल्या संध्याकाळी आतल्या एका नर्सने स्वतःच्या फोनवरून मला व्हिडिओ लावला आणि मी ताईला जोडून घेतलं. फोन प्लॅस्टिकच्या पिशवीत होता, त्यामुळे आई धुक्यातून दिसावी तशी दिसत होती. आवाज यंत्रांचाच जास्त. ताई तिकडे उभी राहिली, तिने अकराव्या वर्षातली मुलगी पुढे केली. आईने बोटं उचलली, पडद्याकडे नेली, पण कानशिलापर्यंत हात पोचला नाही. नर्सने तिचा हात धरला आणि कानशिलापर्यंत नेला. तिला त्या खुणेचा अर्थ ठाऊक होता. मी तिचा चेहरा पाहिलेला नाही. दोन मास्क, वर चष्मा, वर काच.

स्मशानात मला फाटकाच्या आत दहा-बारा पावलं जाऊ दिलं. पुढे चौघे होते, नखशिखांत पांढऱ्या पोशाखात. करोना आल्यापासून अकोल्यात कच्छी मेमन जमातीच्या लोकांनी कितीतरी जणांचे अंत्यसंस्कार केले होते. ज्यांचे घरचे पुढे यायला धजले नाहीत किंवा येऊ शकले नाहीत, त्यांचे. त्यांत हिंदूही होते, आणि त्यांना अग्नीच दिला. हे मी पेपरात वाचलेलं होतं. माझ्यासमोरचे चौघे त्यांच्यातले होते की महापालिकेचे, कळायला मार्ग नव्हता. त्या पोशाखात सगळे सारखे.

एकजण माझ्याकडे आला. "काही ठेवायचं आहे का?"

माझ्या खिशात पुडी होती. मार्च २०२० पासून मंदिर बंदच होतं. मधे काही महिने उघडलं, तेव्हा आईला मी घराबाहेर पडू दिलं नव्हतं. त्यामुळे अंगारा जुना, चिमूटभर उरलेला. मी हात लांब केला. त्याने दुहेरी हातमोज्यांच्या जाड बोटांनी पुडी घेतली. पिशवीची चेन उघडायची नव्हती. तो वाकला, पिशवीवरून हात फिरवत त्याने अंदाज घेतला, आणि मान वळवून मला विचारलं, "कपाळ इथे येईल ना?"

मी हो म्हणालो.

त्याने त्या जागी सगळा अंगारा रिकामा केला, बोटाने सारखा केला. कागद झटकला. मग तो रिकामा कागद त्याने घडीवर घडी, जशा होत्या तशा, परत घातला आणि माझ्या हातात दिला.

दुसऱ्या दिवशी मडकं मिळालं, त्यावर खडूने आकडा. आमच्याकडे चितेच्या राखेला रक्षा म्हणतात. इतक्या वेळा तोंडातून गेलेला शब्द, पण त्या मडक्याचा कोमटपणा हाताला लागला तेव्हा पहिल्यांदा ऐकू आला.

ताईला यायला वर्षावर लोटलं. ती २०२२ च्या पावसाळ्यात आली, दोन वर्षं थांबलेली पालखी पुन्हा पायी निघाली त्या साली. आम्ही टेबल मांडलं. माठ तेच होते. ताईने गूळ फोडला, मी तांब्या धरला, मग तिने माझ्याकडून घेतला. भगव्या पताका, चिखलाने गुडघ्यापर्यंत भरलेले पाय, ओंजळी, आणि ओंजळीवरचे चेहरे. मधेच जरा खंड पडला, तेव्हा ती म्हणाली, "आईला अग्नी दिला ते कोण होते रे?"

मी सांगितलं. पोशाख, काच, चौघे, कपाळ कुठे येईल ते विचारलेलं. पोथीत ठेवलेला रिकामा कागद मी तिला सकाळीच दाखवला होता.

"नाव नाही विचारलंस?"

"नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली. तेवढ्यात पुढची दिंडी आली. एक म्हातारा वाकून ओंजळ धरून उभा होता, आणि ताई त्याच्या हातांवर पाणी ओतायला लागली.